पावसातला कॅम्प: संघ गोव्यातच राहिला हे बरं झालं की वाईट?

साखळीचा गवा · ३ ऑगस्ट २०२५

काल सकाळी आपल्या फुटबॉल संघाचा, एफसी गोवाचा सराव बघून आलो. बघून म्हणजे कुंपणाबाहेरून, छत्री धरून, चाळीस मिनिटं. मैदान कुठलं ते लिहीत नाही. उद्या तिथे दोनशे स्कूटर लागतील आणि कुंपणाला जी एक फट आहे तीही बुजवतील.

घरातून निघालो तेव्हा वाळवंटी नदी दोन्ही थडी भरून वाहत होती. बायको म्हणाली, सामना असता तर समजलं असतं, सराव बघायला एवढ्या पावसात कोण जातं? उत्तर नव्हतं, म्हणून लवकर निघालो. गेटवर सिक्युरिटीवाल्याने आत सोडणार नाही म्हणून सांगितलं, पण माणूस भला. "थंय माडा पोंदा रावात, पूण मोबायल भायर काडूं नाकात." म्हणजे तिथे माडाखाली थांबा, पण मोबाईल बाहेर काढू नका. त्यामुळे फोटो नाहीत, मागू नका.

आता काय दिसलं ते. पाऊस इतका की चेहरे ओळखू येत नव्हते. अर्ध्यांच्या अंगावर बिब, म्हणजे सरावाचं रंगीत जाकीट, अर्धे बिबशिवाय. आधी रोंदो, म्हणजे गोल करून उभे राहायचं, मध्ये दोघे, आणि चेंडू त्यांना लागू द्यायचा नाही. त्यानंतर जे सुरू झालं त्यासाठी मी भिजलो ते वसूल. गोलकिपरने गोलकिक घ्यायची, शेजारच्या बचावपटूला छोटा पास, त्याने मधल्या फळीतल्या माणसाकडे, तिथून बाहेरच्या बाजूला. समोरून सहा जण धावून येतात. चुकलं की शिट्टी, पुन्हा पहिल्यापासून. मी अकरा वेळा मोजलं, मग छत्री उलटी झाली आणि मोजणं राहिलं. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात पाणी साचलेलं. तिथे चेंडू गेला की मेलेल्या बेडकासारखा बसून राहायचा. तरी लांब मारायचा नाही म्हणजे नाही.

प्रश्न असा. १३ तारखेला फातोर्ड्यावर, म्हणजे मडगावच्या स्टेडियमवर, ओमानच्या अल सीबशी सामना आहे. एकच सामना. जिंकलो तर आशियाई क्लबांच्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत, एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या गटात, हरलो तर घरी. आणि घरी म्हणजे खरोखरच घरी, कारण आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, ११ जुलैपासून स्थगित आहे आणि कधी सुरू होईल ते कोणाला माहीत नाही. अशा वेळी संघ गोव्यातच, या पावसात सराव करतोय. आधीचे प्रशिक्षक लोबेरा यांच्या काळात संघ स्पेनला जाऊन तयारी करून आला होता. आमच्या चहाच्या गाड्यावर निम्मे लोक म्हणतात, एवढा मोठा सामना, दहा-पंधरा दिवस कुठेतरी कोरड्या जागी न्यायला हवं होतं.

माझं मत उलट आहे. सामना ऑगस्टमध्ये आहे, फातोर्ड्यावर आहे. गवत ओलं असणार, हवेत घाम सुकणार नाही. मग त्याच ओल्या गवतावर सराव केलेला काय वाईट? ओमानवाले उन्हाला घाबरणार नाहीत, पण आपला पाऊस त्यांच्या घरचा नाही. चुकत असेन तर सांगा. पण कारण देऊन सांगा, नुसतं 'मॅनेजमेंटला कळत नाही' असं नको.

मडगावचो पोरगो · ३ ऑगस्ट

मैदान कुठलं ते सांग ना रे. एकट्यालाच सांग.

साखळीचा गवा · ३ ऑगस्ट

नाही.

मडगावचो पोरगो · ४ ऑगस्ट

बरं, मग कारण घे. पाऊस, गवत, घाम हे सगळं ठीक आहे. पण कॅम्पमध्ये सामने कुठे आहेत? लीग थांबल्यावर कितीतरी क्लबांनी कामच बंद ठेवलंय. खेळायचं कोणाशी? आपसात अकरा विरुद्ध अकरा खेळून काय कळणार? तिथे बचावपटू झिंगन आपल्याच माणसाला जपूनच टॅकल करणार.

तू साखळीचा, तुला जत्रेतल्या नाटकाचं सांगतो. तालीम देवळाच्या मागे दोन महिने चालते, सगळ्यांना सगळं पाठ. पडदा उघडल्यावर हार्मोनियमवाल्याने सूर दिला की राजा पहिलंच पद विसरतो. तालमीत कधी विसरला नव्हता, कारण तालमीत समोर गाव नव्हतं.

२०२१ आठव. आपण आशियाच्या मोठ्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलो. अल रय्यान ०-०, अल वहदा ०-०. त्या अल रय्यानचा प्रशिक्षक लॉराँ ब्लाँ होता, विश्वचषक जिंकलेला. पण ते सामने एप्रिलमध्ये होते. आपली पोरं अख्खा आयएसएल मोसम खेळून, मार्चात मुंबईविरुद्धची सेमीफायनल पेनल्टीवर हरून थेट तिथे आलेली. पाय गरम होते. आता? ३ मेला भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप घेतला, त्यानंतर एकही खरा सामना नाही. स्पेनला गेले असते तर निदान तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या संघांशी चार सामने झाले असते. माझा मुद्दा पावसाचा नाहीच, सामन्यांचा आहे.

साखळीचा गवा · ४ ऑगस्ट

हार्मोनियमवाल्याचं पटलं. आमच्याकडे एकदा राजा नाही, विंगेतला प्रॉम्प्टर झोपला होता, पण ते जाऊ दे.

सामने कमी हे मान्य. पण स्पेनचे सामने म्हणजे काय? ते लोक जुलैत स्वतःच सुट्टीवरून आलेले असतात, त्यांना आपल्याशी घेणं-देणं नाही. २-२, ३-१, कुठलाही निकाल लागतो आणि आपण इथे व्हॉट्सॅपवर नाचतो.

फोंड्याची फिजिओ · ४ ऑगस्ट

मी फुटबॉलची पंडित नाही. नवरा आहे, तो इथे लिहीत नाही. पण वीस वर्षं खेळाडूंचे गुडघे आणि मांड्या हातात घेतल्यात, त्यातलं सांगते.

३ मे ते जुलैचा मध्य, म्हणजे दहा आठवडे. जूनमध्ये भारतीय संघाबरोबर होते त्यांचं वेगळं, पण बाकीच्यांच्या शरीराने या काळात सामन्याची सवय सोडलेली असते. जिममध्ये जाऊन ती परत येत नाही. दम परत यायला तीन-चार आठवडे लागतात. त्याहून उशिरा येते ती पूर्ण वेगाने धावून अचानक थांबण्याची, वळण्याची ताकद. मांडीचा मागचा स्नायू जातो तो याच काळात. दोन आठवड्यांचं काम एका आठवड्यात उरकायला गेलं की गेला. म्हणून कॅम्पमध्ये पहिल्या आठवड्यात कमी मिनिटं, मग थोडी जास्त, असं चढत जातात. नव्वद मिनिटं एकदम कोणी खेळवत नाही. ६० मिनिटांनंतर बदललेले खेळाडू बघून लोक म्हणतात, हा तंदुरुस्त नाही. तो ठरवूनच तेवढाच खेळवलेला असतो.

आता ओल्या मैदानाबद्दल. चिखलात पाय रुततो आणि ओढून काढावा लागतो, त्याने पोटरी आणि जांघ दमते. पण कडक सुक्या मैदानावर गुडघे आणि घोटे जास्त धरतात. दोन्हीकडे काहीतरी द्यावंच लागतं. गवा, तुझं एक मात्र बरोबर आहे. दमट हवेत घाम वाळत नाही आणि वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. त्याची सवय व्हायला दहा-बारा दिवस त्याच हवेत सराव लागतो. बाहेर कोरड्या थंड जागी नेलं असतं तर परतल्यावर ती सवय नव्याने करावी लागली असती, आणि तेवढे दिवस हातात नाहीत.

छत्री धरून चाळीस मिनिटं उभा राहिलास म्हणतोस. खांदा दुखतोय का? गरम पाण्याने शेक.

साखळीचा गवा · ४ ऑगस्ट

ताई, खांदा नाही, मान. शेकतो.

नारिंगी नको · ५ ऑगस्ट

तुमचं चालू द्या. मी धेंपो क्लबचा माणूस. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद, २००५ पासून २०१२ पर्यंत, आणि तेव्हा कुठला परदेशी कॅम्प नव्हता. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो सकाळी मैदानावर, बस्स. २०१६ ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी डोळे पुसले?

आता सल्ला. सामने हवेत ना? इथे गोवा प्रो लीगचे क्लब आहेत, पोरं रोज खेळतायत. त्यांच्याशी खेळा. आठवड्याला दोन. दुलेरच्या स्टेडियमवर लावा, म्हापशाची अर्धी बाजारपेठ येईल. तुमच्या स्टारना टॅकल करायला आमची पोरं जपून येणार नाहीत याची गॅरंटी माझी.

मडगावचो पोरगो · ५ ऑगस्ट

हे मात्र खरं आहे. गावच्या पोराला समोर आयएसएलवाला दिसला की तो फायनल असल्यासारखा खेळतो.

साखळीचा गवा · ५ ऑगस्ट

धेंपोवाले बाबा, डोळे पुसले होते. २०१६ ला माझ्याकडे साळगावकरचा हिरवा शर्ट होता, अजून आहे. पोट आत घेतलं तरी बसत नाही.

तुमच्या सूचनेत फक्त एक अडचण दिसते. आपल्या क्लबांविरुद्ध चेंडू सत्तर टक्के एफसी गोवाकडेच राहणार. मग मी शनिवारी बघितलं ते, गोलकिकपासून सहा जण अंगावर येत असताना पास काढणं, त्याची परीक्षा होत नाही. अल सीब साधा संघ नाही, २०२२ चा एएफसी कप जिंकलेला आहे. त्यांचे सहा जण खरोखर अंगावर येतील.

पण पोरांसाठी म्हणून सामने व्हायलाच हवेत. आपला ब्रायसन गेल्या मोसमात आयएसएलचा उगवता खेळाडू ठरला. आभाळातून नव्हता पडला, कोणीतरी कधीतरी त्याला मोठ्यांविरुद्ध मिनिटं दिली. कॅम्प बघताना माझं लक्ष परदेशी नावांपेक्षा तिकडेच असतं: शेवटच्या वीस मिनिटांत राखीव पोरांना बिब मिळतं की ती कडेला उभी राहून चेंडू गोळा करतात. शनिवारी मिळालं. चौघांना तरी. नावं पावसाने खाल्ली.

पेडण्याचे आबा · ६ ऑगस्ट

नातवाने हे वाचून दाखवले. आमच्या वेळी शिबिर हा शब्द संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्याच्या, संघालाच. आम्ही गावच्या क्लबवाले, आमचे शिबिर म्हणजे मे महिन्यात शेतात. भाताचे खुंट पायाला टोचायचे. पाऊस पडला की खेळ बंद, शेत मालकाचे, लावणी सुरू.

१९८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संयुक्त संतोष ट्रॉफी घेतली आणि पुढच्या वर्षी एकट्याने. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये. मी त्याला पणजीला सराव करताना पाहिले आहे, तुमच्यासारखाच बाहेरून. एकच गोष्ट पुन्हापुन्हा. चेंडू जमिनीलगत डावीकडे, उठायचे, पुन्हा डावीकडे. उजवीकडे नाहीच. मी सोबतच्या माणसाला म्हटले, हा उजवीकडे का नाही पडत? तो म्हणाला, उजवीकडचे त्याला येते.

तुम्ही अकरा वेळा मोजलेत, चांगले केलेत. ज्याचा सराव अकरा वेळा थांबवला त्यात संघ कच्चा आहे असे समजा. म्हणजे गोलकिकवरून पास काढणे यांना अजून जमत नाही. त्याला आठ दिवस पुरतील का, हा प्रश्न विचारा. स्पेन की गोवा हा प्रश्न नव्हे.

साखळीचा गवा · ६ ऑगस्ट

आबा, दंडवत. रात्रभर हेच डोक्यात. मी ते अकरा वेळा जिद्द म्हणून मोजत होतो.

आता विचार केल्यावर जोडता येतं. बचावात पोल मोरेनो नवा, मधल्या फळीत डेव्हिड तिमोर नवा. चेंडू मागून ज्यांच्या पायातून निघायचा त्या साखळीतल्या दोन कड्या नव्या, त्या एकमेकांच्या सवयीच्या नाहीत. पुढे सिवेरिओही नवा, पण त्याचं वेगळं. तो हैदराबाद एफसीला आपल्या प्रशिक्षकाच्या, मार्केझच्याच हाताखाली खेळलाय. २०२२ च्या मार्चमध्ये हैदराबादने केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल कप उचलला तो आपल्या फातोर्ड्यावरच. मी होतो त्या दिवशी, हैदराबादसाठी नाही, फक्त दोन वर्षांनी स्टेडियमची दारं उघडली म्हणून. आणि गंमत म्हणजे ३ मेच्या फायनलमध्ये सिवेरिओ जमशेदपूरकडून आपल्याविरुद्ध होता. त्याला मार्केझला काय हवं ते सांगावं लागणार नाही. मागच्यांना सांगावं लागतंय, आणि शिट्टी वाजतेय ती त्याचीच.

म्हणून मी माझ्या मतावर आहे, फक्त कारण बदललं. पावसाच्या फायद्यासाठी नाही, वेळेच्या हिशेबाने. जाण्या-येण्यात, हॉटेल-विमानात चार-पाच दिवस गेले असते. ते चार-पाच दिवस म्हणजे आणखी कितीतरी अकरा वेळा.

मडगावचो पोरगो · ६ ऑगस्ट

कारण बदललं पण मत तेच. तू पंचायत निवडणुकीला उभा राहा.

फोंड्याची फिजिओ · ७ ऑगस्ट

आबांना नमस्कार. 'उजवीकडचे त्याला येते' हे माझ्या क्लिनिकमध्ये लिहून लावणार आहे. लोक दुखत नसलेल्या पायाचे व्यायाम करून येतात.

नारिंगी नको · ९ ऑगस्ट

आज नारळी पौर्णिमा, समुद्र शांत होऊ दे आणि तुमचा संघ जिंकू दे. तिकीट काढलंय. तुमचा नारिंगी शर्ट घालणार नाही, आधीच सांगतो.

साखळीचा गवा · १४ ऑगस्ट

आवाज बसलाय, लिहितोय ते बरं.

२-१. पहिल्या अर्धात द्राझिच, मध्यंतरानंतर सिवेरिओ, मग त्यांनी एक फेडला आणि उरलेला वेळ मी मैदानाकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त बघितलं. आपण गटात.

आता कॅम्पचा हिशेब, कारण विषय तो होता. मी पूर्वेच्या स्टँडमध्ये होतो आणि पहिल्या गोलकिकला उठून उभा राहिलो. शेजारच्याला वाटलं गोल होणार. त्याला कसं सांगणार की मी हीच गोलकिक माडाखालून अकरा वेळा बघितलीय? छोटा पास गेला, मधे गेला, बाहेर गेला. टाळ्या वाजवल्या मी एकट्यानेच. नंतरही प्रत्येक वेळी जमलं असं नाही. दोनदा पोटात गोळा आला. आबा, तुमचं बरोबर, कच्चं होतं, अजून थोडं आहे. आणि पोरा, तुझंही बरोबर. त्यांचा गोल झाल्यावर पाय जड झालेले दिसले. ती सामन्यांची कसर आहे, पावसाने भरून निघत नाही. फिजिओताई काय म्हणतात ते ऐकायचंय.

नारिंगी नको, तुम्हाला मी मध्यंतरात चहाच्या रांगेत बघितलं असावं. निळी छत्री, धेंपोची टोपी. सिवेरिओच्या गोलनंतर ती छत्री हवेत होती.

नारिंगी नको · १४ ऑगस्ट

छत्री पाऊस बघायला उघडली होती.

फोंड्याची फिजिओ · १४ ऑगस्ट

पाय जड होणं अपेक्षितच होतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यातला पहिला खरा सामना, त्यात ताण असला की शरीर दुप्पट खर्च करतं. आता विश्रांती आणि झोप. पुढचा सामना सप्टेंबरात म्हणजे मधे चवथ. मोदक जपून, एवढंच सांगते. खेळाडूंना, आणि गव्यालाही.

साखळीचा गवा · १५ ऑगस्ट

श्रावण आहे म्हणून मासे बंद, निदान मोदक तरी सोडा.

एक काम आहे. सामना संपेपर्यंत मडगावहून साखळीकडे परतायला बस उरत नाही. बुधवारी फोंड्यापर्यंत एका टेम्पोने आलो, कलिंगडांच्या रिकाम्या क्रेटवर बसून, आणि पुढे मेव्हण्याला झोपेतून उठवलं. गटातले घरचे सामने लागले की डिचोली-साखळी बाजूने कोणी गाडीने जात असेल तर इथे लिहा. पेट्रोल वाटून घेऊ. चोरीस (गोव्याचं सॉसेज) पाव माझ्याकडून, श्रावण संपल्यावर.